आधी ओहोटीची वेळ, मग रेल्वेचं तिकीट: बडोद्याहून जामनगरच्या पक्ष्यांकडे

थंडी पडली की आमच्या दांडिया बाजारच्या कट्ट्यावर दरवर्षी एक प्रश्न येतोच: "या वेळी आम्हालाही न्या ना पक्षी बघायला. काय काय लागतं?" पाच-सहा जणांना तोंडी सांगून झालं, आता एकदाच नीट लिहून काढते. दुर्बीण कधी हातात धरली नाही, चिमणी-कावळा-पोपट यांच्यापुढे नावं येत नाहीत, पण चार मैत्रिणी किंवा मित्र मिळून दोन-तीन दिवस समुद्राकडे जायची इच्छा आहे, अशांसाठी हे आहे.

समुद्र म्हटलं की आपल्यातले बरेच जण दीव नाहीतर थेट कोकण म्हणतात. पण किनाऱ्यावरच्या पक्ष्यांसाठी माझं मत विचाराल तर जामनगरच. बडोद्यापासून रस्त्याने साधारण ४०० किलोमीटर. कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठावर चिखलाची मैदानं, तिवरांची वनं, प्रवाळाचे खडक, मिठागरं आणि गोड्या पाण्याचे तलाव सगळे एकमेकांना लागून आहेत. एका सुट्टीत इतके वेगवेगळे पक्षी दुसरीकडे सहज मिळत नाहीत.

तारीख पंचांगात बघा

नवखे लोक आधी सुट्टी ठरवतात, मग तिकीट काढतात, मग हॉटेल, आणि तिथे पोचल्यावर कोणीतरी विचारतं की ओहोटी किती वाजता. आम्हीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. नरारा या जामनगरजवळच्या प्रवाळाच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाणी पार काठाला आलेलं. प्रवाळ पाण्याखाली, चिखल पाण्याखाली आणि पक्षी दूर कुठेतरी. वाट बघायला वेळ नव्हता, कारण संध्याकाळची परतीची गाडी होती. म्हणून ही पायरी सगळ्यात आधी.

भरती-ओहोटी समजायला आपल्याला लांब जावं लागत नाही. जंबुसरजवळच्या कावी-कंबोईचा स्तंभेश्वर महादेव आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. दिवसातून दोनदा ते देऊळ पाण्यात जातं आणि दोनदा उघडं होतं. दुसऱ्या दिवशी तीच वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाण्याची हालचाल बेताची. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा सगळा दिनक्रम याच घड्याळावर चालतो. चिखल उघडा पडला की जेवण, पाणी चढलं की विश्रांती. मग मध्यरात्र असो की भर दुपार.

माझ्या आजीचं माहेर रत्नागिरीकडचं. ती तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची: चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. कोकणपट्टीला हे गणित बऱ्यापैकी लागू पडतं, पण जामनगरला त्यावर विसंबू नका. आखातात पाणी आत शिरत जायला वेळ लागतो, आणि जसजसं आत जावं तसतशी भरती उंचही होत जाते. आतल्या नवलखीकडे तर ती सहा-सात मीटरपर्यंत चढते. म्हणून मोबाईलवर सिक्का, बेडी किंवा ओखा या बंदरांचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, त्यातलं जे तुमच्या ठिकाणाला जवळचं असेल ते धरा, आणि स्थानिक वाटाड्याला फोन करून पक्कं करा.

आता तारीख कशी निवडायची? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे शनिवार-रविवार घ्या. त्यांतले अमावस्या-पौर्णिमेच्या आधी-नंतरच्या दोन-तीन दिवसांत पडणारे वेगळे काढा. त्यांतही ज्या दिवशी ओहोटी उजेडात, शक्यतो सकाळी किंवा दुपारच्या आत लागते, तो दिवस नरारासाठी ठेवा. महिन्यातून एखादाच शनिवार-रविवार असा जुळतो. तो मिळाला की मगच तिकिटं.

उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे दिवस मात्र सोडा. एक तर १४ आणि १५ जानेवारीला कोणीही बडोदेकर गच्ची सोडून येणार नाही. आणि दुसरं, त्या दिवसांत मांज्याने कापलेले पक्षी सगळ्या गुजरातभर सापडतात. वन विभाग आणि स्वयंसेवक करुणा अभियानात त्यांच्यावर उपचार करत असतात. पक्षी बघायची आवड लागलेल्या माणसाने त्या आठवड्यात आपल्याच पोळातल्या (गल्लीतल्या) झाडांवर अडकलेला मांजा काढला तर ते काम कुठल्याही सहलीइतकं मोलाचं आहे.

आधी वढवाणाला एक सकाळ

थेट समुद्रावर जाऊ नका. किनाऱ्यावरचे पक्षी लांब असतात, बहुतेक मातकट रंगाचे असतात आणि एकसारखे दिसतात. दुर्बीण हातात बसलेली नसेल तर पहिल्या तासात माणूस कंटाळतो. म्हणून निघायच्या दोन आठवडे आधी सगळ्यांनी मिळून डभोई तालुक्यातल्या वढवाणा तलावावर एक सकाळ घालवा. बडोद्यापासून साधारण तासाभराचा रस्ता.

हा तलाव सयाजीराव महाराजांच्या काळातला, १९१० साली शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. २०२१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. सिंचनासाठी केलेल्या कामावर शंभर वर्षांनी मध्य आशियातले हंस उतरतायत, हे मला दरवेळी थक्क करतं. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, एकदा पाहिलेत की विसरणार नाही. चक्रवाकाच्या जोड्या, तलवार बदकं, थापट्या आणि काळे वारकरी तर शेकड्यांनी. पक्षी मोठे, पाणी शांत आणि बांधावरून चालत बघायची सोय. दुर्बिणीचा सराव करायला यापेक्षा चांगली जागा नाही.

सराव कसला, तर एवढाच: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी बघा, नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. बहुतेक जण उलटं करतात, दुर्बीण लावून पक्षी शोधत बसतात आणि नुसतं पाणी बघतात. वढवाणाला पन्नास वेळा हे केलंत की हात आपोआप बसतो.

दुर्बीण आणि बाकी सामान

दुर्बिणीवर ८ × ४२ असं लिहिलेलं असतं. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवख्या माणसाने हीच घ्यावी. दहापट घेतली तर हाताचा कंप जाणवतो आणि पक्षी चौकटीत सापडायला वेळ लागतो. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत दुमडून बघा. प्रत्येकाने पहिल्या वर्षीच विकत घ्यायला पाहिजे असं नाही. चार जणांत दोन दुर्बिणी चालतात, एक मात्र चालत नाही. एकीला काहीतरी दिसत असतं आणि तिघी "कुठे, कुठे" करत असतात, त्यात पक्षीही जातो आणि मैत्रीही ताणली जाते.

ओळखीत कोणाकडे तिपाईवरची स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) असेल तर ती मागून घ्या. किनाऱ्यावर तिचा खरा उपयोग. एकदा पक्ष्यावर लावली की सगळे आळीपाळीने तोच पक्षी बघतात.

कपडे मातकट, खाकी, फिके हिरवे. पांढरं आणि भडक नको. टोपी आणि पाणी हवंच, डिसेंबरातही चिखलावरून परावर्तित ऊन चटका देतं. नरारासाठी जुने, पकड असलेले, पूर्ण पाय झाकणारे बूट घ्या. ते भिजणार आहेत, तेव्हा नवे नकोत आणि चपला तर अजिबात नकोत. खालचा खडक धारदार असतो आणि वाळूत दडलेला एखादा जीव डंख मारू शकतो.

खाण्याचं म्हणाल तर पहाटे पाचला निघताना हॉटेलात काही मिळत नाही. थेपले, भाकरवडी आणि आपला लीलो चेवडो बरोबर ठेवा. येताना जामनगरची सुकी कचोरी आणता येते.

किती जण, कोण काय करणार

चार ते सहा. एका गाडीत मावतील एवढेच. आठ-दहा झाले की गप्पा आवरत नाहीत. निघण्याआधी एक कामवाटप करून टाका: एक जण नोंदी लिहील, एक जण वेळेकडे बघेल (ओहोटी संपून पाणी परत फिरायची वेळ हाच इथे सगळ्यात महत्त्वाचा आकडा), एक जण वाटाड्याशी आणि गाडीवाल्याशी बोलेल. नोंदीसाठी वहीपण चालते, मोबाईलवर ई-बर्ड हे मोफत ॲपही आहे. वहीत पक्ष्याचं नाव नाही आलं तरी "लाल पाय, चोच सरळ, उडताना पंखाच्या मागच्या कडेला पांढरा पट्टा" असं लिहा. संध्याकाळी नाव सापडतं.

पोचणं

मुंबईहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल बडोद्यावरून रात्रीच जाते. त्याच मार्गावर इतरही गाड्या आहेत. शुक्रवारी रात्री बसायचं, शनिवारी जामनगर. स्वतःची गाडी नेलीत तर अहमदाबाद-राजकोटमार्गे सात-आठ तास धरा. एक सांगते: गाडी चालवणाऱ्याला पहिल्या दिवशी पहाटे उठवू नका. आम्ही रेल्वेनेच जातो आणि तिथे दोन दिवस टॅक्सी करतो.

पहिला दिवस: खिजडिया

जामनगरपासून बारा किलोमीटरवर खिजडिया पक्षी अभयारण्य. ते रामसर यादीत गेल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. इथलं वैशिष्ट्य एका मातीच्या बांधात आहे. नवानगर संस्थानाच्या काळात समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तो घातला गेला. रुपारेल नदीचं पावसाळी पाणी बांधाच्या एका बाजूला अडलं आणि गोडे तलाव झाले. दुसऱ्या बाजूला खाडी, चिखल आणि तिवरं. बांधावर उभं राहून डावीकडे बघितलं तर बदकं आणि कमळपक्षी, उजवीकडे बघितलं तर रोहित (फ्लेमिंगो) आणि कोरल (कर्ल्यू) पक्षी. तीनशेहून जास्त जातींची इथे नोंद आहे.

अभयारण्याचे दोन भाग आहेत आणि त्यांची प्रवेशद्वारं वेगवेगळी. एक भाग सकाळी करा, दुसरा दुपारी चारनंतर. मधल्या उन्हात पक्षीही बसलेले असतात आणि दुर्बिणीत हवा थरथरताना दिसते. सूर्य कायम पाठीशी ठेवायचा. समोर सूर्य असेल तर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो, आणि नवख्या माणसाची ओळखीत निम्मी चूक यामुळेच होते.

इथे ज्यांच्यावर वेळ घालवावा असे काही सांगते. चित्रबलाक: पिवळी चोच, पाठीकडे गुलाबी पिसं. चमचा: चोच खरोखर चमच्यासारखी, पाण्यात डावी-उजवी फिरवत चालतो. शेकाट्या: काळे पंख, पांढरं अंग आणि लांबलचक गुलाबी पाय. काळ्या मानेचा करकोचा: चांगला कमरेच्या वर येईल एवढा उंच, आता देशात कमी उरलेला. तो दिसला तर तिथेच थांबा, जवळ जाऊ नका. आणि वरून भोवत्या हा शिकारी पक्षी फिरताना दिसला की पाण्यावरची सगळी बदकं एकदम उठतात. ते बघायला मिळणं नशिबाची गोष्ट.

दुपार: लाखोटा तलाव

शहराच्या मध्यात आहे, म्हणून जेवणानंतर इकडे. हिवाळ्यात कुरव (सीगल) पक्षी शेकड्यांनी असतात, अगदी हातभर अंतरावर. उडणारा पक्षी दुर्बिणीत धरायचा सराव इथे करा. तळ्याकाठी बाला हनुमानाचं देऊळ आहे, तिथे १९६४ पासून रामधून अखंड चालू आहे. दहा मिनिटं बसून या.

पण एक विनंती मनापासून. इथे लोक कुरवांना गाठिया आणि शेव टाकतात, हौसेने, पुण्य म्हणून. तळलेलं, खारट बेसन हे मासे खाणाऱ्या पक्ष्याचं अन्न नाही. शिवाय आयतं मिळतं म्हणून ते तिथेच गर्दी करून राहतात. तुम्ही टाकू नका, बरोबरच्या मुलांनाही समजावा. कोणाशी वाद घालायची गरज नाही, फक्त आपल्या हातून नको.

दुसरा दिवस: नरारा

जामनगरपासून साधारण साठ किलोमीटरवर, वाडीनारजवळ. हा सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, १९८२ मध्ये जाहीर झालेला, भारतातला या प्रकारचा पहिला. वन विभागाचा परवाना लागतो आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावाच. पाणी कुठून आधी भरतं हे त्यालाच ठाऊक असतं. उद्यानातल्या पिरोटन बेटाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. तिथे जायला जास्त परवानग्या लागतात आणि बोटीची वेळ भरतीशी जुळवावी लागते, पहिल्या सहलीत तो नाद नको.

ओहोटीच्या सर्वात खालच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी पोचा. पाणी मागे सरकत असतं त्याच्या मागोमाग तुम्ही चालायचं. आणि कोष्टकातली ओहोटीची वेळ झाली की परत फिरायचं, वाटाड्याने सांगितलं तर त्याआधीच. "अजून पाच मिनिटं" हे वाक्य इथे कोणी म्हणायचं नाही. सपाट मैदानावर पाणी येताना दिसत नाही, मागच्या चरांमध्ये ते आधी भरतं.

वाटेत पायाखाली अष्टपाद, खेकडे, समुद्रफुलं, जिवंत प्रवाळ. काही जण पर्यटकांना दाखवायला फुगणारा मासा हातात उचलतात. नको म्हणा. तो फुगतो तो घाबरून. प्रवाळाचा वाळलेला तुकडाही घरी आणू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

आणि आता ज्याच्यासाठी आलो तो: क्रॅब प्लोव्हर. पांढरा शुभ्र, पाठीवर काळा पट्टा, राखाडी लांब पाय आणि जाड काळी चोच, खेकड्याचं कवच फोडायला केलेली. जगात हा पक्षी फक्त हिंदी महासागराच्या काठांवर सापडतो. इराणचं आखात, ओमान इकडच्या वाळूत बिळं खणून त्यात अंडी घालतो. किनाऱ्यावरच्या या पक्ष्यांत असं बीळ करणारा हा एकटाच. हिवाळ्यात जामनगरच्या किनाऱ्यावर त्यांचे थवे येतात. मोठं झालेलं पिल्लू आईबापांच्या मागे मागे "भरवा" म्हणून फिरताना दिसतं. इथवर उडून आलेलं पिल्लू, आणि अजून भरवून घेतंय. माझ्या मैत्रिणीचे डोळे दुर्बिणीमागे भरून आले होते, तिचा मुलगा त्याच वर्षी पुण्याला शिकायला गेला होता.

मातकट पक्षी ओळखायचे कसे

चिखलावरचे बाकीचे बघून नवखे लोक हात टेकतात. रंगाकडे बघूच नका. चोच, पाय आणि चालणं बघा.

पळतो, थांबतो, टिपतो, पुन्हा पळतो: चोच आखूड, डोळे मोठे. हे चिखल्यांचं कुळ, डोळ्यांनी भक्ष्य शोधणारं. एका जागी चालत शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खाली-वर करतो: हे स्पर्शाने शोधणारे, पाणटिवळे वगैरे. चोचीची लांबी वेगवेगळी असते, कारण चिखलात प्रत्येक खोलीवर वेगळं खाद्य असतं. एकाच मैदानावर दहा जाती भांडण न करता जेवतात त्याचं गुपित हेच.

पहिल्या वेळी चार पक्के करा. कोरल: कोंबडीएवढा, खाली वळलेली प्रचंड लांब चोच. लाल पायांचा टिलवा: धोका दिसला की सगळ्यात आधी हाच ओरडतो. तो ओरडला म्हणजे तुम्ही फार जवळ गेलात. तुतवार: शेपूट सतत खाली-वर हलवणारा. आणि ऑयस्टरकॅचर: काळा-पांढरा, गाजरासारखी लाल चोच. हे चार आले की उरलेले त्यांच्याशी ताडून बघता येतात: कोरलपेक्षा लहान, टिलव्यापेक्षा मोठा, असं.

जवळ कधी जायचं नाही

भरती चढताना काठावर एका जागी शांत बसलात तर पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. हा सगळ्यात सोपा मार्ग. उलट, भरतीच्या वेळी ते एखाद्या कोरड्या पट्ट्यावर दाटीने बसलेले असतात, एका पायावर, चोच पाठीत खुपसून. त्या थव्याकडे चालत जायचं नाही, उडते फोटो मिळावेत म्हणून तर मुळीच नाही. हजारो किलोमीटर येऊन परत जायची चरबी ते इथे साठवत असतात. दरवेळी उडवलं की त्यातला थोडा भाग खर्च होतो. माना वर झाल्या, पक्षी चालू लागले, की आपण थांबायचं. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही.

परत आल्यावर

त्याच रात्री, गाडीत बसल्या बसल्या, वही काढून सगळ्यांनी मिळून यादी पक्की करा. ज्यावर एकमत नाही ते नाव खोडा, ओढूनताणून आकडा वाढवू नका. आमची पहिली यादी ४३ ची झाली होती, त्यांतले ४ आम्ही खोडले. घरी आल्यावर दुर्बिणीवरचं खारं पाणी आधी किंचित ओलसर मऊ फडक्याने टिपून घ्या, मग भिंगं कोरड्या फडक्याने पुसा. कोरडंच घासलंत तर मिठाचे कण भिंगावर चरे पाडतात. बूट गोड्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा आणि सावलीत वाळवा, पुढच्या पौर्णिमेला लागतील.